सकाळचा दोष

जो दोष नित्य प्रकट होतो तो शोधता येतो. जो कधी दिसतो, कधी लपतो, त्याच्यापुढे माणूस अधीर होतो आणि त्या अधीरपणात कुणाकडे तरी बोट दाखवतो. यंत्राच्या दुरुस्तीचा प्रश्न नीतीचा होतो तो इथेच. एका जुन्या संगणकाने मला तो विचारला. फार उशिरा विचारला.

केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ साली बाजारात आणलेला ‘बीबीसी मायक्रो’ हा घरगुती संगणक, केंद्र शासनाच्या ‘क्लास’ योजनेतून १९८४-८५ पासून आपल्याकडील निवडक शाळांत आला. इंदूरच्या ज्या शाळेत मी गणित शिकवीत असे, तिथेही आला. स्मृती अवघी ३२ किलोबाइट. पण बटण दाबताच दोन सुरांची शीळ वाजून पडद्यावर अक्षरे उमटली की सारा वर्ग स्तब्ध होई.

१९८६ च्या डिसेंबरात त्यांतले एक यंत्र रुसू लागले. सकाळी एकच सूर लांबत राही, पडदा कोरा. दुपारी मात्र बिनतक्रार चाले. प्रयोगशाळा उघडणारा शिपाई एकच. तोच काही हाताळत असणार, असे आम्ही ठरवले. तो म्हणाला, “सर, थंडीत याला जाग येत नाही.” आम्ही हसलो. त्याच्याविरुद्धच्या टिपणावर माझीही सही आहे. त्याला फाटकावर नेमले. पुढे ऊन तापले, यंत्र सुरळीत झाले आणि आम्हांला पुरावा मिळाल्यासारखे वाटले.

ते यंत्र निकालात निघाल्यावर मी घरी आणले. गेल्या हिवाळ्यात ते उघडले. वीजपुरवठ्यातील जुने कपॅसिटर बदलूनच बटण दाबले. सकाळचा रुसवा तोच! सुरू होताना या यंत्रातील प्रोसेसर प्रथम ६५५३२ आणि ६५५३३ या दोन पत्त्यांवर पाहतो. पहिली आज्ञा कुठे आहे, ते तिथे लिहिलेले असते. ती नोंद रॉमच्या चिपमध्ये. चिपचा एक पाय जरी सॉकेटमध्ये नीट टेकला नाही तरी पत्ता चुकतो आणि यंत्र भरकटते. रोज तापण्या-निवण्याने चिप सॉकेटमधून किंचित वर सरकते, धातूवर काळिमा चढतो. दोष कर्त्याचा नव्हे, काळाचा.

गारठ्यात यंत्र सुरू होईना, तेव्हा केस वाळवण्याच्या यंत्राने फक्त त्या चिपला ऊब दिली आणि ब्रेकची कळ दाबली; सुरू झाले. निवू दिले, पुन्हा बंद. पाच वेळा हेच घडले. मग चिप काढून तिचे पाय घासले, नीट बसवली. त्यानंतर एकवीस सकाळी ते सुरू झाले. ‘दुरुस्त झाले’ असे मी म्हणत नाही. एकवीस सकाळी बिघडले नाही, एवढेच म्हणतो.

आपल्या नैयायिकांनी याला अन्वय आणि व्यतिरेक म्हटले: कारण असता कार्य, नसता अभाव. आम्ही अर्ध्यावरच थांबलो होतो. सकाळी शिपाई होता, तशीच थंडीही होती. एक दिसला, दुसरी दिसली नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, एवढ्यावर आम्ही माणसाची पत मोडली. एखाद्या सकाळी कुलूप दुसऱ्या कुणी उघडले असते, तरी शंका फिटली असती.

कुणी म्हणेल, आजचा दोष तोच, हे कशावरून? ते सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. परंतु निर्दोषत्व सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर नव्हतेच. आरोप सिद्ध करण्याचे आमच्यावर होते.

आणखी एक गोष्ट अधिक बोचते. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन सांगतो की ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आणि जो ती जशी आहे तशी सांगू इच्छितो, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना सारखेच लागू आहे. रोज सकाळी त्या यंत्रापुढे उभा राहणारा आमच्यात तोच एक होता. त्याचे वाक्य प्रमाण होते. आम्ही त्याचा हुद्दा तपासला.

ते गृहस्थ आज हयात नाहीत. हे सारे लिहून, सही करून, मी त्यांच्या मुलाला नेऊन दिले. एक प्रत शाळेत त्या टिपणाला जोडण्यासाठी पाठवली. मुलाने कागद दोनदा वाचला आणि घडी घालून ठेवला. क्षमा मागण्याची वेळ मी दवडली होती. खरे काय ते नोंदवण्याची वेळ मात्र टळलेली नव्हती.