नवीन, पण कोणाला?

लंडनमधल्या क्यू उद्यानातील ब्रिन डेंटिंजर आणि लॉरा मार्टिनेझ-सूझ या दोन शास्त्रज्ञांनी २०१४ साली अळंबीच्या तीन नव्या प्रजाती जाहीर केल्या. त्यासाठी त्यांना कोणत्याही अरण्यात पाऊल टाकावे लागले नाही. लंडनमधल्या एका दुकानातून त्यांनी वाळवलेल्या अळंब्यांचे एक पाकीट विकत आणले होते. पाकिटावर 'पोर्चिनी' असे लिहिलेले होते. पोर्चिनी म्हणजे इटालियन स्वयंपाकघरातली मानाची अळंबी. पाकिटातला माल मात्र चीनमधला होता. त्यांनी पाकिटातले पंधरा तुकडे घेतले, प्रत्येकाचा डीएनए तपासला, आणि असे दिसून आले की हे तुकडे एका नव्हे तर तीन वेगवेगळ्या प्रजातींचे आहेत. त्या तिघींपैकी एकीलाही विज्ञानात नाव नव्हते.

मग त्यांची नावे ठेवण्यात आली. बोलेटस बैन्युगान, बोलेटस मेइवेइन्युगानजुन आणि बोलेटस शीयोंग. उच्चार करताना आपली जीभ अडखळते, पण अर्थ साधे आहेत. या जातीच्या अळंबीला चिनी भाषेत 'बैलाचे काळीज' अशा अर्थाचा शब्द आहे. त्यावरून पहिलीचे नाव झाले 'पांढरे काळीज', दुसरीचे 'चवदार काळीज' आणि तिसरीचे नुसतेच 'खाण्याजोगी'. या अळंब्या चीनच्या नैर्ऋत्येकडील युनान प्रांतातल्या. तिथले डोंगरी लोक त्या पिढ्यान्‌पिढ्या वेचतात, खातात, विकतात. तिथून त्या वाळवून युरोपात जातात, आणि हा व्यापार कित्येक दशके चालू आहे. कोणी सूप केले असेल, कोणी भातात घातल्या असतील. हजारो लोकांनी ज्या चावून खाल्ल्या त्या अळंब्यांचा २०१४ साली 'शोध' लागला!

अशी बातमी वाचली की मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा : नवीन, पण कोणाला? युनानमधल्या वेचणाऱ्या बाईला ती नवीन नव्हती. दलालाला नव्हती. चवदार आणि खाण्याजोगी ही विशेषणेच सांगतात की कोणीतरी ती आधी शिजवून पाहिली होती. मग शास्त्रज्ञांनी नेमके केले तरी काय? दुसऱ्याच्या घरच्या लेकराचे बारसे आपल्या नावावर मांडले, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यायचे?

उत्तर देण्याआधी नव्या प्रजातीचे वर्णन करणे म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. आपल्याला वाटते तितके ते सोपे नाही आणि त्यात मिरवण्यासारखेही फारसे काही नाही. जंगलात एखादी अळंबी दिसली की ती आहे त्या जागी आधी नीट पाहावी लागते. कोणत्या झाडाखाली उगवली? मातीतून वर आली की कुजक्या लाकडातून? छत्रीखाली पातळ पडदे आहेत की बारीक छिद्रे? कापल्यावर गर पांढराच राहतो की निळा पडतो? वास पिठासारखा की माशासारखा? हे सारे तिथल्या तिथे लिहून ठेवायचे, कारण दुसऱ्या दिवशी रंग आणि वास दोन्ही गेलेले असतात. मग छत्री रात्रभर कागदावर पालथी ठेवायची, म्हणजे सकाळी कागदावर बीजाणूंची पूड पडलेली मिळते. तिचा रंग पाहायचा. बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजायचे. त्यांची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात येते. आता डीएनएही तपासतात. आणि एवढे झाल्यावर खरे कंटाळवाणे काम सुरू होते : गेल्या अडीचशे वर्षांत कोणी कोठे हीच अळंबी दुसऱ्या नावाने लिहून ठेवली आहे काय, हे जुन्या ग्रंथांत आणि जुन्या नमुन्यांत शोधत बसणे. ते करायला वर्षे लागू शकतात.

शेवटी एक वाळवलेला नमुना निवडून तो संग्रहालयात कायमचा ठेवला जातो. नाव त्या नमुन्याला बांधलेले असते. पुढे कोणालाही शंका आली तर त्याने तिथे जावे, तो नमुना पाहावा आणि म्हणावे की तुमचे बरोबर आहे किंवा चूक आहे. पूर्वी हे वर्णन लॅटिनमध्येच लिहावे लागे. १ जानेवारी २०१२ पासून ते इंग्रजीतही चालते. १ जानेवारी २०१३ पासून बुरशीच्या प्रत्येक नव्या नावाला नोंदणी क्रमांक घेणे सक्तीचे झाले आहे. आपल्या पॅरिशच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीची कोणाला आठवण झाली तर ती अगदीच गैरलागू नाही.

आतापर्यंत बुरशीच्या सुमारे दीड लाख प्रजातींना नावे मिळाली आहेत. २०१७ साली तज्ज्ञांनी केलेल्या अंदाजानुसार जगात त्या २२ ते ३८ लाख असाव्यात. दरवर्षी दोनेक हजार नवी नावे पडतात. हा वेग पाहिला तर काम संपायला हजार वर्षेही पुरणार नाहीत.

एवढा खटाटोप कशासाठी, असे विचारणाऱ्यांना आम्ही त्याच युनान प्रांतातली दुसरी हकिगत सांगू इच्छितो.

१९७०च्या दशकाच्या अखेरीपासून युनानच्या डोंगराळ खेड्यांत दर पावसाळ्यात, जून ते ऑगस्टच्या दरम्यान, धडधाकट माणसे अचानक मरू लागली. छातीत धडधड, चक्कर, मूर्च्छा आणि काही तासांत मृत्यू. एकाच घरात दोघे-तिघे जात. तीस वर्षांत असे सुमारे चारशे लोक गेले. विषाणू असेल, हृदयरोग असेल, असे अनेक तर्क झाले. तपास करणारी डॉक्टर मंडळी गावोगाव फिरली तेव्हा पुष्कळ घरांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली : एक लहानशी पांढरी अळंबी. ही माणसे अळंब्या वेचून पोट भरणारी होती. चांगल्या, मोठ्या, भाव मिळणाऱ्या अळंब्या बाजारात जात. ही लहान पांढरी मात्र तोडल्यावर लवकरच तपकिरी पडे, तिला कोणी गिऱ्हाईक नसे. म्हणून ती घरच्या भांड्यात शिजे.

एकाच मुलखातल्या अळंब्या या. एकीला परदेशात मागणी, म्हणून ती पाकिटात बसून लंडनला गेली. दुसरीला किंमत नाही, म्हणून ती गरिबाच्या ताटात पडली, आणि तिने माणसे मारली. दोन्ही तेव्हा विज्ञानाच्या दृष्टीने बिननावाच्याच होत्या.

२०१२ साली कुनमिंगच्या वनस्पतिशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी आणि साथीच्या रोगांचा तपास करणाऱ्या डॉक्टरांनी मिळून तिचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव ठेवले ट्रोजिया व्हेनेनाटा, म्हणजे विषारी ट्रोजिया. त्याच वर्षी तिच्यातली विषारी द्रव्येही रसायनशास्त्रज्ञांनी ओळखली. आता कोणी म्हणेल, पाहा, नावाने जीव वाचवले! पण येथे आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. गावकऱ्यांना इशारे देण्यात आले ते लॅटिन नाव पडण्याच्या आधीच. 'ती लहान पांढरी खाऊ नका' एवढेच गावोगाव सांगितले गेले आणि मृत्यूंची संख्या झपाट्याने खाली आली. जीव वाचवले ते डॉक्टरांच्या पायपिटीने आणि गावच्याच शब्दांनी.

मग लॅटिन नावाने काय साधले? आमच्या मते, बरेच काही. लहान पांढऱ्या अळंब्या जगात शेकड्यांनी आहेत. गावात बोट दाखवून 'ही' म्हणता येते, पण बोट गावाच्या वेशीपलीकडे दिसत नाही. प्रयोगशाळेतले विष नेमके कोणत्या अळंबीचे, शेजारच्या देशातल्या जंगलात हीच उगवते काय, तिथल्या डॉक्टरने कशावर नजर ठेवावी, हे सगळे सांगायला असे नाव लागते जे अनोळखी माणसालाही त्याच एका वस्तूपाशी घेऊन जाईल. वेचणाऱ्या बाईचे ज्ञान खोल असते, पण ते तिच्या हातात आणि तिच्या डोंगरात असते. वर्णन करणारा ते कागदावर उतरवतो आणि परक्यांच्या हवाली करतो. तो शोध लावत नाही. तो साक्ष लिहून ठेवतो. साक्ष लिहिणाऱ्याचे मोल कमी नाही, पण घटना त्याच्या मालकीची होत नाही.

मालकीचा हा मोह जुना आहे. मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचे अंतर आहे, आणि दोन्ही करताना माणसाला आपण उंचावर उभे आहोत असे वाटते. आदामाने प्राण्यांना नावे दिली, हे आपण उत्पत्तीच्या पुस्तकात वाचतो आणि त्यातून माणसाचा अधिकार काढतो. पण त्याच अध्यायात क्रम काय आहे, हे पाहण्यासारखे आहे. आधी बागेची मशागत आणि राखण त्याच्यावर सोपवली जाते. नावे देण्याची वेळ त्यानंतर येते. (अळंब्या त्या रांगेत नव्हत्या, म्हणून कदाचित हे काम अजून चालू आहे!)

या कामात आपला एक धर्मगुरूही होऊन गेला. जाकोमो ब्रेसादोला, इ. स. १८४७ ते १९२९. आल्प्सच्या कुशीत, ट्रेन्टोच्या परिसरात राहून त्यांनी अळंब्या आणि बुरशीच्या हजाराहून अधिक नव्या प्रजातींचे वर्णन केले. आजही कित्येक प्रजातींच्या नावापुढे 'ब्रेस.' अशी त्यांच्या नावाची खूण छापली जाते. वर्णन करणाऱ्याचे नाव प्रजातीच्या नावाला जोडायचे, अशी शास्त्राची रीतच आहे. ही रीत योग्य आहे, कारण चूक झाली तर कोणाला विचारायचे हे तिने कळते. पण जिने ती अळंबी डोंगरावरून आणून दाखवली तिच्यासाठी या रीतीत जागा नाही. क्यूच्या शास्त्रज्ञांनी निदान नावे चिनी भाषेवरून घेतली, ही गोष्ट आम्हाला आवडली. एखाद्या प्राध्यापकाचे किंवा देणगीदाराचे नाव देण्यापासून त्यांना कोणी अडवले नसते.

आपल्याकडे तरी काय आहे? जी खातो ती अळंबी, जी खात नाही ती कुत्र्याची छत्री. या एका छत्रीखाली आपण किती प्रजाती कोंबल्या आहेत याचा हिशेब नाही. पहिल्या पावसानंतर आदिवासी भगिनी रानातून अळंब्या वेचून पानांवर वाटे मांडून बसतात. गिऱ्हाईक भाव विचारते, घासाघीस करते आणि पिशवी भरून निघते. ही कोणत्या झाडापाशी येते, वारुळाजवळ येते काय, हिच्यासारखी दिसणारी कोणती टाळायची, तुमच्या बोलीत हिला काय म्हणतात, हे कोणी विचारत नाही. तिने विचारल्याशिवाय का सांगावे?

आणि शास्त्राला तरी ते विचारल्यावाचून पुढे जाता येते काय? क्यूच्या त्या पाकिटाकडेच पुन्हा पाहू. डीएनएने तीन प्रजाती वेगळ्या केल्या, हे खरे. पण वाळलेल्या तुकड्यावरून ताज्या छत्रीचा रंग कळत नाही. कापल्यावर ती काय रंग बदलते, ते कळत नाही. बोलेटस जातीच्या अळंब्या जिवंत झाडांच्या मुळांशी जोडलेल्या असतात. झाडाला पाणी आणि क्षार देतात, झाडाकडून साखर घेतात. यांचे झाड कोणते? पाइन की ओक? उतार कोणता? पाऊस पडल्यावर किती दिवसांनी डोके वर काढतात? यातले काहीही पाकिटातून निघत नाही. हे सगळे ज्याला ठाऊक आहे तो माणूस युनानच्या डोंगरात आहे, आणि त्याला बहुधा त्या नव्या नावांची गंधवार्ताही नसेल.

संग्रहालयात नमुन्यासोबत एक चिठ्ठी असते. तीवर ठिकाण, उंची, कोणत्या झाडाखाली सापडली ते, तारीख, आणि सर्वांत खाली 'संग्राहक' म्हणून एक नाव लिहायची पद्धत आहे. त्या पंधरा तुकड्यांच्या बाबतीत ही शेवटची ओळ भरणार तरी कशी? कोणत्या सकाळी कोणी वाकून ते उचलले, कोणी चिरून वाळत घातले, दलालाने त्याला किती पैसे दिले, हे दुकानातल्या पाकिटावर छापलेले नसते.