दोन बोटांचं अंतर

बसा. खुर्ची टेबलाजवळ ओढा, कोपर टेबलावर टेकवा आणि रिकामा एअरब्रश पेन धरतो तसा हातात घ्या. कपात रंग नको, कॉम्प्रेसरची नळीही नको. तर्जनी ट्रिगरवर राहू द्या. समोर प्लॅस्टिकचा एक पांढरा चमचा ठेवा आणि एअरब्रशचं टोक त्यापासून दोन बोटं दूर धरा. आता टोकाकडे पाहू नका, चमच्याकडेही पाहू नका. मधल्या रिकाम्या जागेकडे पाहा.

आज आपल्याला या जागेतच राहायचं आहे. एअरब्रश कोणता घ्यावा, हवेचा दाब किती ठेवावा, रंग किती पातळ करावा, हे सगळे प्रश्न शेवटी इथेच येऊन पोहोचतात. साध्या ब्रशला अशी जागा नसते. त्याचे केस पृष्ठभागाला टेकतात, रंग ओढत नेतात, आणि खालचा थर कच्चा असेल तर त्यालाही सोबत ओढतात. एअरब्रश कशालाच टेकत नाही. रंगाचे सूक्ष्म थेंब नोझलमधून सुटतात, एवढंसं अंतर कापतात आणि उतरतात. त्या क्षणभराच्या प्रवासातही थिनर उडत असतो. म्हणून सुटताना थेंब जितका ओला होता, तितका पोहोचताना राहत नाही. पोहोचताना तो किती ओला आहे, यावर जवळजवळ सगळं अवलंबून असतं.

इथे थोडं थांबा.

थेंब फार ओला पोहोचला तर तो शेजारच्या थेंबात मिसळतो, मागून येणारी हवा त्या ओलाव्याला ढकलते आणि बारीक ओघळ चहूबाजूंना धावतात. फार सुका पोहोचला तर तो जागच्या जागी चिकटतो, सपाट होत नाही. वाळल्यावर बोट फिरवलं की खरखर लागते. नेमका ओला पोहोचला तर पृष्ठभाग क्षणभर चमकतो, थेंब आपोआप पसरून एकजीव होतात आणि मग ती चमक विझते. टेबलावरचा दिवा थोडा तिरका ठेवलात तर ही चमक दिसते. फवारताना नजर रंगाच्या छटेवर ठेवण्यापेक्षा या ओल्या चमकेवर ठेवा. माझ्या मते एअरब्रश शिकणं म्हणजे मुख्यतः हे पाहायला शिकणं.

न टेकता रंगवण्याची ही सोय जुनी आहे. १८९३ साली शिकागोत भरलेल्या ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्म परिषद झाली, त्याच प्रदर्शनात चार्ल्स बर्डिक यांचा एअरब्रश लोकांसमोर आला. आजच्या एअरब्रशचा तो पूर्वज. पुढे जलरंगासाठी, छायाचित्रं सुधारण्यासाठी, जाहिरातींच्या चित्रांसाठी हे साधन वापरलं गेलं. लहान मॉडेल रंगवणाऱ्यांनी ते उचललं, कारण प्लॅस्टिकवर कोरलेल्या पत्र्याच्या बारीक रेषा ब्रशच्या जाड थराखाली बुजतात. फवाऱ्याचा पातळ हात त्या रेषा तशाच ठेवतो.

आता निवडीकडे या, पण मघाची जागा नजरेआड करू नका. दुकानात दोन प्रकार दिसतील. एकात रंगाची बाटली खाली लटकते, दुसऱ्यात कप वर असतो. खालच्या बाटलीतून रंग वर खेचायला जास्त दाब लागतो, आणि दाब वाढला की थेंब वेगाने निघतात, लवकर सुकतात, जवळून काम करणं अवघड होतं. वरच्या कपातला रंग स्वतःच्या वजनानेच सुईपर्यंत येतो, त्यामुळे कमी दाबावर सावकाश काम करता येतं. मॉडेलसाठी वरचा कप घ्यावा. ट्रिगर डबल ॲक्शनचा असावा: दाबला की हवा, मागे ओढला की रंग. सिंगल ॲक्शनमध्ये रंगाचं प्रमाण आधीच स्क्रूने ठरवावं लागतं, फवारताना बोटाला त्यावर ताबा राहत नाही.

नोझल ०.३ मिलिमीटरच्या आसपासचं घ्या. टामियाचा एचजी, जीएसआय क्रिओसचा प्रोकॉन बॉय पीएस-२८९ हे ०.३ चे, इवाटाचा एक्लिप्स एचपी-सीएस ०.३५ चा. अस्तर, मधला रंग आणि वरचं वॉर्निश हे तिन्ही या मापात निभतात. ०.२ चं नोझल अतिशय बारीक रेषा देतं, पण ते लवकर तुंबतं आणि रंग जरा दाट झाला की अडतं. नवशिक्याने ते आधी घेऊ नये. ०.५ चं नोझल मोठ्या पृष्ठभागासाठी, अस्तरासाठी. ते पुढे कधीतरी.

पैसे मोजके असतील तर आधी कॉम्प्रेसरवर खर्च करा, हे माझं ठाम मत आहे. टाकी नसलेला छोटा कॉम्प्रेसर हवा ठोके देत सोडतो, आणि प्रत्येक ठोक्याला थेंबाचा आकार बदलतो. हात काय शिकतोय आणि यंत्र काय करतंय, हे शिकणाऱ्याला वेगळं ओळखता येत नाही. तीनेक लिटरची टाकी, दाब दाखवणारा काटा असलेला रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप, एवढं असलं की हवा एकसारखी येते.

बाहेरच्या हवामानाकडेही लक्ष द्या, कारण ती दोन बोटांची जागा वर्षभर सारखी राहत नाही. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांकडे जातो, हवा कोरडी होते. थेंब वाटेतच सुकतो आणि सुईच्या टोकावर रंग साचतो. अशा वेळी दाब उतरवायचा, थोडं जवळ जायचं, सावकाश वाळवणारा रिटार्डर थिनरमध्ये घालायचा. जुलैत रत्नागिरीला किंवा मुंबईला उलटं. दाबलेली हवा नळीत थंड होते, तिच्यातली वाफ पाणी होते आणि मधूनच एक थेंब रंगात थुंकला जातो. लॅकरचा थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दमट हवेतली वाफ बसते आणि गडद रंगावर पांढुरका धुरकटपणा येतो. त्या दिवशी लॅकर फवारू नये. मॉडेल कुठे जात नाही.

रंग पातळ करायचं माप म्हणजे दूध. कपाच्या आतल्या भिंतीवर रंग चढवा आणि उतरू द्या. मागे पातळसा पडदा राहून तो हळूहळू खाली सरकला तर बरोबर. टामियाचे ॲक्रिलिक रंग साधारण निम्मा रंग, निम्मा थिनर यापासून सुरू करावेत. दाब १५ ते २० पीएसआय, म्हणजे एक ते दीड बारच्या आत. हे आकडे सुरुवातीपुरते आहेत. पुढचं तिरक्या दिव्याखालची चमक सांगेल.

आता पुन्हा एअरब्रश धरा, अजून रिकामाच. हात डावीकडून उजवीकडे सरकवायला लागा. हात चालू झाल्यावर ट्रिगर दाबा: हवा. मग बोट मागे घ्या: रंग. मग बोट पुढे सोडा: रंग थांबला, हवा चालू आहे. मग ट्रिगर सोडा. हात मात्र अजून थोडा पुढे जाऊ द्या, मगच थांबवा. हवा सगळ्यात आधी येते आणि सगळ्यात शेवटी जाते. हवा आधी बंद झाली तर सुईच्या टोकावर रंगाचा थेंब उरतो आणि पुढच्या वेळी तोच डाग होऊन उडतो. ही हालचाल बोट न चुकता करेपर्यंत रिकाम्या हाताने करत राहा. घाई वाटली की श्वास सोडताना हात चालवा.

मग कपात थोडा पातळ रंग घ्या आणि कागदावर ठिपके काढा, ठिपक्यांमधून रेषा ओढा. कागदावर फार काळ मात्र राहू नका. कागद ओल शोषून घेतो, त्यामुळे चुकीचा ओलावाही तिथे बरोबर दिसतो. प्लॅस्टिक काही शोषत नाही. म्हणून लवकर चमच्यावर या. चमच्याचा फुगीर भाग विमानाच्या नाकासारखा वळतो आणि अंतर सतत बदलतं; मनगटाला ते अंतर राखायला शिकवणारी याहून स्वस्त वस्तू मला माहीत नाही.

आता पहिला हात. एकाच हातात रंग पुरा झाकायचा नाही. फवाऱ्याची पहिली फेरी झाली की खालचं प्लॅस्टिक दिसत असेल, रंग विरळ आणि मळकट वाटेल. इथे बोट आपोआप आणखी मागे जायला बघतं. त्या ओढीकडे लक्ष द्या. एअरब्रश खाली ठेवा आणि त्या अपुऱ्या थराकडे नुसतं पाहा. तो बिघडलेला नाही. पुढच्या थराला पकड देण्याचं त्याचं काम त्याने केलं आहे. काही मिनिटं जाऊ द्या, मग दुसरा हात, मग तिसरा. प्रत्येक हात आपल्यापुरता अपुरा असला तरी चालतो. चांगल्या कामात रंग कधी झाकला गेला तो क्षण नेमका सांगता येत नाही.

हा धीर केवळ गुळगुळीत पृष्ठभागासाठी नाही. खऱ्या विमानावर दोन रंगांच्या सीमेचा धूसर पट्टा ५ सेंटिमीटरचा असेल तर १/४८ च्या मॉडेलवर तो जेमतेम १ मिलिमीटरचा होतो आणि १/७२ वर ०.७ मिलिमीटरचा. दुसऱ्या महायुद्धातल्या मेसरश्मिट १०९ या विमानाच्या कुशीवर राखाडी ठिपके असत. तेही बहुतेकदा फवारणीच्या गननेच मारलेले. ते मॉडेलवर आणायचे तर रंग नेहमीपेक्षा पातळ, दाब १० पीएसआयच्या आसपास आणि अंतर एका बोटाचं. इतक्या जवळ थेंबाला सुकायला वेळच मिळत नाही, म्हणून रंगही थेंबाथेंबानेच सोडावा लागतो.

मास्कशिवाय एकही फेरी मारू नका. साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क थिनरची वाफ अडवत नाही; सेंद्रिय वाफांसाठी असलेली कार्ट्रिज आणि कणांचा फिल्टर, दोन्ही लागतात. खोलीतली हवा बाहेर गेली पाहिजे, जवळ ज्योत नको. आणि रंग संपला की लगेच कप पुसा, थिनर फवारा, सुई बाहेर काढून टोकाच्या दिशेनेच पुसा. एका बैठकीचा रंग आत वाळला तर पुढची बैठक तो काढण्यात जाते.

एक विनंती. गोव्याला गेलात तर वास्कोजवळच्या बोगमाळो रस्त्यावर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे, तिथे जरूर जा. जुनी विमानं तिथे उघड्यावर उभी आहेत. ३० सेंटिमीटरवरून पाहिलेलं १/७२ चं मॉडेल म्हणजे साधारण साडेएकवीस मीटरवरून पाहिलेलं खरं विमान. तेवढ्या लांब उभे राहा आणि पत्र्याच्या रेषा खरंच किती दिसतात, रंग उन्हाने कुठे उडालाय, दोन रंगांची कड किती धूसर आहे ते शांतपणे पाहा. मग जवळ जाऊन पुन्हा पाहा. घरचं मॉडेल रंगवताना लांबून जे दिसलं तेच रंगवा.