अनामत

जमाखर्चाच्या वहीतले बहुतेक शब्द मराठीत अरबी-फारसीतून आले आहेत. हिशेब, जमा, खर्च, रक्कम, बाकी, खजिनदार, रोजकीर्द. यांतला एक शब्द येता येता जरा उलटापालटा झाला. अरबीतल्या ‘अमानत’चे मराठीत ‘अनामत’ झाले. म आणि न यांनी जागा बदलल्या आणि अर्थही थोडा आकसला. ग्रंथालयाची अनामत, घरभाड्याची अनामत, निवडणुकीत जप्त होते ती अनामत. परत मिळण्याच्या अटीवर ठेवलेले पैसे, एवढाच अर्थ आता उरला आहे. मूळ शब्दाचा आवाका मोठा होता. दुसऱ्याची वस्तू आपल्या हातात असावी, आणि हातात असूनही ती आपली नसावी, या अवस्थेचे नाव अमानत.

हा शब्द आठवण्याचे कारण आपल्या विद्यार्थी संघटनांचे पैसे. जिल्ह्याच्या ठिकाणी, तालुक्याला, मोठ्या मोहल्ल्यांत अशा लहानमोठ्या संघटना आहेत. कुठे पुस्तकपेढी चालते, कुठे अभ्यासिका. दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव होतो, कुणाचे परीक्षा शुल्क भरले जाते, कुणाला वसतिगृहासाठी मदत मिळते. कारभार पाहणारी मुले-मुली एकोणीस ते बावीस वर्षांची. रमजानमध्ये पावतीपुस्तके निघतात. पूर्वी बकरी ईदच्या कातड्यांचा मोठा आधार असे. गेल्या काही वर्षांत कातड्यांचे भाव कोसळल्यापासून ती मिळकत नावापुरती उरली आहे. सगळा भार रमजानवर आणि मोबाइलवरच्या क्यूआर कोडवर आला आहे.

या पैशांची चोरी करू नये, हे सांगायला लेख लागत नाही. अवघड प्रश्न प्रामाणिक मुलांपुढे येतो. समजा, एका संघटनेकडे रमजानमध्ये ९०,००० रुपये जमले. त्यांतले ६०,००० जकातीचे, ३०,००० लिल्लाह रकमेचे. गुणगौरव समारंभाचा खर्च ४२,००० वर गेला. मंडप, ध्वनिक्षेपक, स्मृतिचिन्हे, नाश्ता. बारा हजार कमी पडले. सचिव म्हणतो, “खाते एकच आहे. जकातीतून तात्पुरते घेऊ. फी भरायचे दिवस दोन महिन्यांवर आहेत, तोवर भरून टाकू.” खजिनदार घुटमळतो, तर त्याला विचारले जाते, “आमच्यावर विश्वास नाही का?”

इथे कोणीही वाईट नाही. समारंभ चांगला, फी भरणेही चांगले. पैसा कुणाच्या घरी जाणार नाही. मग बिघडते कुठे?

आपल्या समाजात या प्रश्नाचे झटपट उत्तर नियतीवर सोडले जाते. नियत साफ आहे ना, मग झाले. पण कुणाची नियत? जकात देणाऱ्याने ती देताना मनात एक संकल्प केलेला असतो. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी बचत वर्षभर टिकली, तिचा चाळिसावा हिस्सा काढला, तो हक्कदाराला पोचावा म्हणून या मुलाच्या हाती दिला. कुरआनच्या सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. मंडपवाला त्यांत नाही, स्मृतिचिन्हही नाही. बहुसंख्य फकिहांच्या मते जकातीतून इमारत उभारता येत नाही, सभा भरवता येत नाही. घाटावरच्या हनफींचे आणि कोकणातल्या शाफईंचे इतर बाबतींत मतभेद असतील. गरजूला त्याचे मिळाले पाहिजे यावर मतभेद नाही. तेव्हा जकातीच्या त्या बारा हजारांत देणाऱ्याची नियत आधीच बसलेली आहे. ठेवणाऱ्याची नियत कितीही निर्मळ असली, तरी ती पहिलीच्या जागी बसत नाही. हमालाने गाठोडे चांगल्या माणसाच्या दारात टाकले म्हणून पत्ता बदलत नाही.

“नंतर भरून टाकू” हे आश्वासन कोण कुणाला देतो, तेही पाहावे. देणाऱ्याला विचारलेले नसते, घेणाऱ्याला ठाऊक नसते. कर्ज घेणारा आणि कर्ज मंजूर करणारा एकच असतो. दोन महिन्यांनी काय होते? जकातीत ४८,००० उरलेले असतात आणि अर्ज साठ हजारांचे येतात. तेव्हा कुणी ओरडत नाही. नर्सिंगला गेलेल्या मुलीला आठ हजारांऐवजी पाच मिळतात, आयटीआयच्या मुलाला “पुढच्या वर्षी पाहू” असे सांगितले जाते. ती मुलगी आभार मानून जाते. आपले तीन हजार मंडपाच्या कापडात गेले, हे तिला कधीच कळत नाही. चोराने लुटलेला माणूस निदान तक्रार तरी करतो. इथे ज्याचे गेले त्याला गेल्याचा पत्ता नसतो. म्हणून त्याच्या वतीने वहीला बोलावे लागते.

पैशांच्या गोलमालाला मराठीत आपण अफरातफर म्हणतो. हाही तिकडचाच शब्द, इफरात आणि तफरीत यांची जोडी. इफरात म्हणजे अतिरेक, तफरीत म्हणजे उणेपणा. एकीकडे जास्त झाले, कारण दुसरीकडे कमी पडले. शब्दाच्या मुळात चोरीचा उल्लेखही नाही, केवळ तोल गेल्याचा आहे.

पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांना मक्केचे लोक नबुव्वतीच्या आधीपासून ‘अल-अमीन’ म्हणत. ६२२ साली हिजरतीची वेळ आली, तेव्हा त्यांच्या जिवावर उठलेल्या शहरातल्या लोकांच्या ठेवी त्यांच्याकडे होत्या. त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. त्या घडीला चांगली कारणे कमी नव्हती. निघालेल्या मुहाजिरांची घरेदारे सुटली होती, मदिनेत गरज होती, आणि पैसे शत्रुपक्षातल्या लोकांचे होते. आपल्या सचिवाच्या तर्काने ते वापरण्यात काहीच गैर नव्हते. पण ठेव ज्याची त्याला गेली. अमानतीचा कस ठेवीदार आवडतो की नाही, किंवा काम किती थोर आहे, यावर लागत नाही.

आता “विश्वास नाही का?” या प्रश्नाकडे वळू. हजरत उमर (रजि.) यांची एक गोष्ट आपल्याकडे वाझमध्ये नेहमी सांगितली जाते. सर्वांना एकेक कापड वाट्याला आले असताना खलिफांच्या अंगावर दोन कापडांचा अंगरखा कसा, असे एका साध्या माणसाने भर सभेत विचारले. खलिफांच्या मुलाने उठून सांगितले की दुसरा वाटा माझा, मी तो वडिलांना दिला. ही गोष्ट ऐकून आपण माना डोलावतो. आणि त्याच आठवड्यात संघटनेच्या बैठकीत कुणी नाश्त्याचे बिल मागितले, तर त्याला विघ्नसंतोषी म्हणतो. हिशेब मागणे म्हणजे संशय घेणे, ही समजूत आपण कुठून उचलली? कुरआनमधली सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आग्रह आहे. ती आयत ईमान असलेल्यांना उद्देशून आहे, लबाडांना नव्हे.

उलट, हिशेब न मागणे हाच खजिनदारावर अन्याय आहे. वीस वर्षांच्या मुलाच्या हाती रोकड द्यायची, दुसरी सही ठेवायची नाही, क्यूआर कोड त्याच्याच खात्याचा लावायचा, आणि वर्षाने कुजबुज सुरू झाली की तो एकटा उभा. त्या खात्यात त्याची शिष्यवृत्ती, घरून आलेले पैसे आणि संघटनेची जकात एकत्र झालेली असते. तो निर्दोष असला तरी ते सिद्ध करायला त्याच्याकडे काही नसते. नोंदणीकृत संस्थांना १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने हिशेब ठेवावे लागतात, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला उत्तर द्यावे लागते. लहान संघटनेची नोंदणी नसेल, तर निदान दोघांच्या सहीचे स्वतंत्र खाते, क्रमांक घातलेली पावतीपुस्तके आणि चार रकान्यांची वही एवढे तरी हवे. जकात, लिल्लाह, विशिष्ट कामासाठी दिलेली देणगी, आणि चौथा बँकेच्या व्याजाचा, जो पहिल्या तिघांत मिसळू नये. खाते एक असले तरी रकाने चार राहू शकतात.

याच्या उलट टोकाचा एक खजिनदार असतो. तो कमी पडले की खिशातून घालतो आणि लिहीत नाही. सगळे त्याचे कौतुक करतात. पण त्याच्या चांगुलपणाने दोन गोष्टी झाकल्या जातात. एक, कामाचा खरा खर्च किती हे संघटनेला कधी कळत नाही. दुसरी अधिक गंभीर. पुढच्या वर्षी खजिनदार निवडताना हुशारी आणि सचोटीबरोबर खिसाही पाहिला जातो. रिक्षाचालकाची मुलगी कितीही चोख हिशेब ठेवणारी असली, तरी ती मागे राहते. जकातीच्या त्याच आयतीत ती गोळा करण्याचे काम करणाऱ्यांचाही वाटा मान्य केला आहे. विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्याला ती संज्ञा लागू होते की नाही हे उलेमांनी ठरवावे. पण राबणाऱ्याला झळ बसू नये हे तत्त्व त्यात आहे, आणि प्रवासखर्च लिल्लाह रकमेतून, पावतीनिशी देण्यात कमीपणा नाही.

राबणाऱ्याने झळ सोसू नये, तसा लाभही घेऊ नये. बुखारी आणि मुस्लिम यांच्या संग्रहांत इब्न अल-लुत्बिय्या यांची हकिकत आहे. सदका गोळा करून ते परतले आणि म्हणाले, हे तुमचे आणि हे मला भेट मिळाले. त्यावर पैगंबरांनी (स.) विचारले की ते आईवडिलांच्या घरी बसून राहिले असते, तर ही भेट त्यांच्याकडे चालत आली असती का? मंडपवाल्याने घरी पाठवलेली बिर्याणी, छपाईवाल्याने खास दिलेले जाकीट यांना हाच प्रश्न लावून पाहावा.

एका ठिकाणी मात्र हिशेबाचा आग्रह स्वतःच अन्याय करू शकतो. पारदर्शकतेच्या नावाखाली मदत घेणाऱ्यांची नावे फलकावर लागतात, धनादेश देतानाची छायाचित्रे सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतात. देणाऱ्यांना समाधान मिळते, आणि ती नर्सिंगची मुलगी वर्गात खाली मान घालून बसते. कुरआनने उघड दानाला चांगले म्हटले आहे आणि गरिबाला गुपचूप दिलेल्याला अधिक चांगले. हिशेबाला रक्कम, तारीख, कारण आणि सही लागते. चेहरा लागत नाही. वार्षिक सभेत क्रमांक वाचावेत, नावांची वही दोघांच्या ताब्यात बंद राहावी. देणाऱ्याचा हक्क पैसा कुठे गेला एवढे जाणण्याचा आहे. घेणाऱ्याची लाज त्याने विकत घेतलेली नाही.

विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी पैसा उभा करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. अलीगढच्या कॉलेजात १८९० च्या सुमारास साहिबजादा आफताब अहमद खान यांच्या पुढाकाराने गरीब विद्यार्थ्यांसाठी निधी जमवणारी सभा निघाली. तिचे नाव अंजुमन-उल-फर्ज. खैरात म्हटले नाही, फर्ज म्हटले. महाराष्ट्रात रयत शिक्षण संस्थेसाठी घरोघरच्या बायका मूठमूठ धान्य बाजूला काढत. त्याला मुष्टिफंड म्हणत. मुठीला पावती नसते, म्हणून सगळी जबाबदारी सांभाळणाऱ्यावर येते. त्याच संस्थेच्या वसतिगृहात मुलांच्या जेवणाची अडचण आली, तेव्हा कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्यांनी दिले ते स्वतःचे होते. औदार्य स्वतःच्या सोन्यावर दाखवता येते, दुसऱ्याच्या मुठीवर नाही.

मग त्या बारा हजारांचे काय करावे? अंदाजपत्रक आधी केले असते, तर प्रश्नच आला नसता. लिल्लाह रक्कम तीस हजार असेल, तर समारंभ तीस हजारांत, किंवा खरे तर वीस हजारांत बसवायचा. मदरशाच्या अंगणात, मंडपाशिवाय, स्मृतिचिन्हाऐवजी पुस्तक देऊन. वेळ निघून गेली असेल, तर देणाऱ्यांना फोन करावा. “समारंभाला बारा हजार कमी पडतात, त्यासाठी वेगळे द्याल का?” काही जण देतील. काही म्हणतील, समारंभ लहान करा. नकाराची भीती वाटते म्हणूनच आपण विचारत नाही, आणि न विचारता घेतो तेव्हा त्यांचा नकार आपल्याला आधीच कळलेला असतो.

गुणगौरवाच्या दिवशी मंच जरा लहान दिसेल. पाहुणे कदाचित तसे बोलूनही दाखवतील. त्या वेळी सचिवाने संकोच न करता सांगावे की उरलेले पैसे आमचे नाहीत, जुलैमध्ये ज्यांची फी भरायची आहे त्यांचे आहेत. समोर बसलेल्या मुलांनी ते ऐकावे. त्यांतलाच कुणी पुढच्या वर्षी ती वही हातात घेणार आहे.