माटोळीचे लाकूड

हळर्ण, ऑगस्ट 2021

चि. बाय,

परवा फोनवर तू म्हणालीस, "काका, देवाचे मला आता काही सांगू नका," आणि फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. रागाने कपाटात टाकलेस तरी ते तिथेच राहील, कधीतरी हाताला लागेल.

23 जुलैच्या पुराचे पाणी ओसरल्यावर तुमच्या घरात पहिला मी शिरलो. नदीकडची भिंत बसली होती. पिंपातला भात फुगून त्याला आंबूस वास सुटला होता. देव्हाऱ्यात बोटभर गाळ, आणि त्या गाळात वहिनीचा कुंकवाचा करंडा सरळ उभा. उघडला तर आत कुंकू कोरडे! ही देवाची खूण असे मी लिहीन, असे तुला वाटले असेल. करंड्याचे झाकण फिरकीचे आहे, म्हणून पाणी शिरले नाही. इतकेच. तो मी ठेवला आहे.

मे महिन्यात तुझी आई गेली, जुलैत घर. वाड्यावरच्या कुणीतरी तुला सांगितले म्हणे, की राखणदार देवाचा नारळ चुकला असेल, त्याचे हे फळ. मला खरा राग त्याचा आला. देवाला वसुली कारकून करून ठेवायचे आणि वर त्याला श्रद्धा म्हणायचे!

मी शाळेत शिकवत असताना मुलांना आपल्या किल्ल्याची गोष्ट सांगायचो. 1746 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला आणि बक्षीस म्हणून 'आलोर्नाचा मार्क्विस' झाला. आलोर्ना म्हणजे आपले हळर्ण. पुढे त्या घराण्यावर संकट कोसळले. 1758 मध्ये पोर्तुगालच्या राजावर हल्ला झाला, संशय मार्क्विसच्या व्याह्यांवर आला. हे व्याहीही गोव्यात व्हाइसरॉय राहून गेलेले. त्यांना आणि त्यांच्या बायकोला देहान्ताची शिक्षा झाली, मार्क्विसचा मुलगा तुरुंगात गेला, आणि नात लिओनोर, वय वर्षे आठ, आई-बहिणीसह लिस्बनच्या एका मठात कोंडली गेली. ती बाहेर आली 1777 साली. त्या भिंतींच्या आत ती कविता लिहायला लागली आणि पुढे पोर्तुगीज भाषेतली नामवंत कवयित्री झाली. आपल्या गावाचे नाव लावणारी.

इथपर्यंत आलो की वर्गातला एखादा हमखास म्हणायचा, "बरे झाले सर, देवाने फेडले!" मी विचारायचो, "किल्ला आजोबाने घेतला. आठ वर्षांच्या पोरीने काय केले होते?" वर्ग गप्प व्हायचा.

बाय, तुझ्या आईने कुणाचा किल्ला घेतला होता?

मग देवाने हे का होऊ दिले, असे तू विचारशील. मला ठाऊक नाही, आणि सत्तरी ओलांडल्यावर ठाऊक असल्याचे सोंगही मला आणता येत नाही. पण नार्व्याला गेलो की एक विचार मनात येतो. सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडी बेटावरचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात त्याचे देऊळ गेले. माणसांनी लिंग नदीपार आणून डिचोलीत नार्व्याला ठेवले. शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला तो 1668 मध्ये. दारावरचा शिलालेख तू सहलीत बघितला आहेस. मधली शंभर वर्षे मोज. ज्यांनी तो देव आणला त्यांनी पुन्हा उभे राहिलेले देऊळ पाहिले नाही, त्यांच्या मुलांनीही नाही. ज्याला स्वतःचे देऊळ राखता आले नाही तो आपल्याला काय राखणार, असे त्यांच्यात कुणी म्हटले नसेल? मी असतो तर म्हटले असते. तरी त्याला मागे टाकून ते आले नाहीत.

तू रागावली आहेस तर राग त्याच्यापुढेच काढ. आपण देवळात गाऱ्हाणे घालतो ते काय असते? तक्रारच की! देवाला भर सभेत बजावायचे आणि सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचे. फक्त मुकी होऊ नकोस.

मी झालो होतो. तुझे बाबा गेले, भाऊ माझा, तेव्हा दोन वर्षे मी देवळाची पायरी चढलो नाही. वहिनी त्यावर एक शब्द बोलली नाही. चवथीच्या आदल्या दिवशी मात्र निरोप धाडायची, "भावजी, माटोळी बांधायला या, माझा हात पोचत नाही." मी जायचो. नारळ, सुपारीचा घोस, कवंडळे एकेक करून गणपतीवरच्या लाकडी चौकटीला बांधायचो, ती खालून देत राहायची. हात तिचा पोचत होता, गं. स्टूल पडवीतच असायचे.

तुमच्या माटोळीचे लाकूड वाहून गेले नाही. पाणी चढले तरी ते वर टांगलेलेच राहिले. धुऊन माझ्या पडवीत सुकत ठेवले आहे. एका बाजूची पट्टी कुजली आहे, ती बदलायची की तशीच चालवायची, ते तू ठरव. यंदा वहिनीच्या वर्षातली चवथ, थाट काही नाही, माझ्याच घरी करू. 10 सप्टेंबरला आहे. म्हापशाहून आदल्या दिवशी दुपारपर्यंत ये. माटोळी बांधायला माझा हात पोचत नाही.

तुझा
काका