नकलेचे प्रामाण्य

पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसच्या २०११ सालच्या ९.१ आवृत्तीत एक्स्टेन्शन जोडण्याची स्वतंत्र आज्ञा आली, आणि त्याच सुमारास, पर्ल भाषेच्या १९९५ पासूनच्या सीपॅन भांडाराच्या धर्तीवर, डेव्हिड व्हीलर यांनी पीजीएक्सएन हे एक्स्टेन्शनांचे भांडार उभे केले. कर्त्याने आपली कृती मुख्य ठिकाणी दाखल करावी, आणि तेथील सारे दफ्तर ज्याला वाटेल त्याने आरसिंकने आपल्या सर्व्हरवर उतरवून मिरर म्हणून जगास खुले करावे, अशी ही तजवीज आहे. देऊन न सरणारे हे दान मला खरे धर्मकृत्य वाटते; परंतु घेणाऱ्याने अनोळखी हातातली नक्कल प्रमाण मानावी ती कशाच्या आधारावर?

मीमांसक कुमारिलभट्टांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते आणि बाधक पुढे येईपर्यंत ते ढळत नाही. नैयायिक ते बाहेरच्या कसोटीने ठरवतात. मिररची रीत नैयायिकांची. प्रत्येक प्रकाशनाच्या मेटा फायलीत एसएचए-१ पद्धतीने काढलेला चाळीस वर्णांचा ठसा असतो; उतरवलेल्या फायलीचा ठसा नव्याने काढून त्याच्याशी ताडून पाहिला की खातरजमा झाली. पण तो ठसाही त्याच मिररवरून आलेला असला, तर ज्याने माल बदलला त्याला दाखला बदलणे कितीसे कठीण? शिवाय २०१७ साली ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतील आणि गूगलमधील संशोधकांनी एकच एसएचए-१ ठसा असलेल्या दोन भिन्न फायली घडवून दाखवल्या. कसोटीला कसोटी, तिलाही आणखी एक, हीच शास्त्रकारांची अनवस्था.

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या मंडळींनी ती माणसापाशी आणून थांबवली. त्यांच्या भांडाराच्या सूचीवर डिजिटल स्वाक्षरी असते, आणि एकमेकांच्या स्वाक्षरीच्या किल्ल्यांना दुजोरा देण्यापूर्वी समक्ष भेटून ओळखीचे कागद पाहण्याचा त्यांचा रिवाज आहे. हे शुद्ध आप्तवाक्य, म्हणजे विश्वासार्ह माणसाचे वचन होय. आणि आप्ताचे लक्षण ऋषी, आर्य व म्लेंच्छ यांना सारखेच लागू पडते, असे वात्स्यायनांनी न्यायभाष्यात निःसंदिग्धपणे सांगून ठेवले आहे. यात मला मोलाचे वाटते ते हे, की मिरर चालवणाऱ्यावर आप्त असण्याचा भारच उरत नाही. स्वाक्षरी जुळली की त्याचे कुलशील न विचारता त्याचे दान घेता येते. एक फसवणूक मात्र त्याला तरीही साधते: काल खरी असलेली, पण दोष न सुधारलेली प्रत आज पुढे करणे, म्हणून डेबियनच्या सुरक्षा-सूचीवर स्वाक्षरीबरोबर मुदतही नोंदलेली असते.