नारूचे उच्चाटन आणि अहिंसेचा प्रश्न

नारू हा माणसाच्या आणि कुत्र्यासारख्या प्राण्यांच्या शरीरात वाढणारा कृमी आहे. त्याला जगातून कायमचे हद्दपार करण्याचे काम आज शेवटच्या टप्प्यावर आले आहे. 1986 मध्ये वर्षाला सुमारे 35 लाख माणसांना नारू होत असे. अलीकडे हा आकडा पंधराच्या आसपास उतरला आहे. रोगमुक्तीच्या या यशातून धर्मविचारापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो: एखादी जीवजात जाणूनबुजून संपवणे अहिंसेला धरून आहे का?

नारूच्या अळ्या पाण्यातल्या सायक्लॉप्स या बारीक जीवात वाढतात. असे पाणी प्यायल्यावर पोटात सायक्लॉप्स मरतो, पण अळ्या आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात. सुमारे वर्षभराने मीटरभर लांबीची मादी बहुधा पायाच्या कातडीतून बाहेर पडू लागते. आग शमवण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवतो, मादी लक्षावधी अळ्या सोडते आणि नवे सायक्लॉप्स त्या गिळतात. या चक्रातले सायक्लॉप्सचे स्थान रशियन संशोधक अलेक्सी फेडचेन्को यांनी 1870 मध्ये तुर्कस्तान प्रांतात उलगडले.

जैन तत्त्वज्ञानात जीवांची मांडणी इंद्रियांच्या संख्येनुसार केली आहे. कृमींना स्पर्श आणि रस ही दोन इंद्रिये असतात, म्हणून ते द्वींद्रिय ठरतात. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात ही मांडणी आढळते. त्यामुळे नारूही जीवच आहे आणि त्याला मारणे ही हिंसाच आहे. मात्र गृहस्थाच्या बाबतीत हिंसेचे चार प्रकार मानले जातात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारण्याच्या हेतूने केलेली संकल्पी हिंसा त्याने पूर्णपणे सोडावी. स्वसंरक्षणार्थ घडणारी विरोधी हिंसा त्याला टाळता येत नाही. पायातून निघणारा नारू काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढणे हा उघडच बचाव आहे. संपूर्ण जातीचे उच्चाटन मात्र ठरवून हाती घेतले जाते, म्हणून ते संकल्पी हिंसेच्या जवळ जाते असा आक्षेप घेता येतो.

नारू दुष्ट आहे, म्हणून तो शिक्षेला पात्र आहे, हे उत्तर टिकत नाही. यजमानाला वेदना देण्याचा हेतू कृमीच्या ठायी नसतो आणि हेतूवाचून अपराध ठरत नाही. दुसरा विचार व्यक्ती आणि जाती यांतल्या भेदाचा आहे. भारतीय दर्शनांत बंध आणि मोक्ष जीवाला असतात, जातीला नसतात. पुढची पिढी जन्मालाच आली नाही, तर त्यात कोणाचा वध झाला असे म्हणता येत नाही. याउलट अमेरिकन विचारवंत आल्डो लिओपोल्ड यांच्या 1949 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूमिनीतीत सजीवांच्या समग्र समुदायाला मोल आहे. त्या दृष्टीने कोणतीही जात नाहीशी होणे ही हानीच ठरते.

या वादात उच्चाटनाचे साधन निर्णायक आहे. नारूवर लस नाही आणि त्याला मारणारे औषधही नाही. पाणी फडक्याने गाळून पिणे आणि रोग्याला पाणवठ्यात उतरू न देणे हेच मुख्य उपाय आहेत. जैन घरांत सूक्ष्म जीव वाचावेत म्हणून पाणी गाळतात आणि गाळात राहिलेले जीव जपून मूळ पाण्यात सोडतात. त्याच फडक्याने सायक्लॉप्स पोटात जाण्यापासून वाचतो आणि माणूस नारूपासून वाचतो. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पायऱ्यांच्या विहिरी आणि बारवा नारूचे उगम होत्या. तिथे हातपंपांसारखे सुरक्षित स्रोत आणि गाळलेले पाणी यांनी साखळी तोडली. 1996 नंतर भारतात नारूचा रोगी आढळला नाही आणि 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला.

आफ्रिकेतील चाडमध्ये 2012 पासून कुत्र्यांत नारू आढळू लागला, तेव्हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला. जनुकीय तपासणीत कुत्र्यांतला आणि माणसांतला नारू एकाच जातीचा निघाला. कुत्र्याला पाणी गाळून प्यायला शिकवता येत नाही. म्हणून बाधित कुत्र्यांना बांधून ठेवतात आणि तळ्यांत टेमेफॉस हे कीटकनाशक टाकतात. या औषधाने निरुपद्रवी सायक्लॉप्स मरतात, आणि खरी हिंसा इथे घडते. मासे आणि बेडूक यांच्यामार्फतही अळ्या कुत्र्यापर्यंत पोचू शकतात हे संशोधकांनी दाखवल्यावर माशांची आतडी पुरून टाकण्याचा उपाय पुढे आला. त्यात कोणाही जीवाला इजा होत नाही.

म्हणून नारूच्या उच्चाटनाचा निवाडा ध्येयावरून एकदम करता येत नाही. प्रत्येक उपाय वेगळा तपासावा लागतो. साखळी रोखणारा उपाय अहिंसेशी सुसंगत आहे. विषप्रयोग मात्र दुसरा मार्ग नसेल तेव्हाच आणि लागेल तेवढाच क्षम्य ठरतो. परजीवीचे जीवनचक्र जितके बारकाईने कळते, तितकी हिंसेची गरज घटते. अज्ञानातून आणि प्रमादातून होणारी हिंसा टाळणे हे जैन आचाराचे सूत्र आहे. त्या अर्थाने परजीवींचा काटेकोर अभ्यास ही अहिंसेचीच साधना आहे.