गावाला वर जाता यावे

वडखळच्या आसपासचा खारेपाट भाताचे एकच पीक देतो. दिवाळीच्या आगेमागे कापणी उरकते, झोडणी होते, आणि मोकळ्या पडलेल्या शेतांत कबड्डीची मैदाने दिसू लागतात. पोरे ढेकळे फोडतात, पाणी मारतात, जमीन चोपतात आणि चुन्याने तेरा मीटर बाय दहा मीटरच्या रेषा आखतात. तिथपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत पेण, अलिबाग आणि रोहा तालुक्यांत शनिवार-रविवारची रात्र कुठल्या ना कुठल्या गावात खेळाची असते. एखादी स्पर्धा गावदेवीच्या जत्रेनिमित्त, एखादी दिवंगत खेळाडूच्या स्मरणार्थ, एखादी नेत्याच्या नावाच्या चषकासाठी. चार क्रमांकांची बक्षिसे, शिवाय उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड आणि शिस्तबद्ध संघ. अंतिम सामना पहाटे संपतो आणि तरीही मैदानाच्या कडेला बायामाणसे बसलेली असतात.

हा हंगाम रायगडचे वैभव आहे असे मी मानतो. म्हणूनच त्यातली एक उणीव मला फार लागते. या हंगामाला गुणतक्ता नाही. गेल्या रविवारी जिंकलेला संघ पुढच्या शनिवारी पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो. स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. बत्तीस संघ उतरले तर एकतीस सामने होतात, आणि सोळा संघ एकेकच सामना खेळून घरी जातात. वर्षभर पहाटे उठून सराव केलेली सात पोरे आणि त्यांचे राखीव खेळाडू टेम्पोतून येतात, चाळीस मिनिटांच्या आत त्यांची रात्र संपते, आणि त्या पराभवाची कुठेही नोंद राहत नाही. विजयाचीही राहत नाही. चषक देवळात किंवा मंडळाच्या कपाटात जाऊन बसतो. पाच वर्षांत आपला संघ सुधारला की घसरला, हे गावाला नेमके सांगता येत नाही. जिल्हा संघटनेच्या निवड स्पर्धा होतात, त्यांतून जिल्ह्याचा संघ राज्य अजिंक्यपदाला जातो. पण तिथे निवड होते ती खेळाडूंची. गावाचा संघ होता तिथेच राहतो.

स्वीडनच्या फुटबॉलची दुसरी श्रेणी मी यासाठीच आस्थेने पाहतो. पहिली श्रेणी सगळ्याच देशांत झगमगते. खेळाच्या रचनेचा कस लागतो तो दुसऱ्या पायरीवर, कारण तिथे प्रत्येक संघाला वरही दार असते आणि खालीही. 'सुपरएत्तान' नावाची ही श्रेणी २००० साली सुरू झाली. सोळा संघ एकमेकांशी घरच्या आणि परक्या मैदानावर खेळतात, म्हणजे प्रत्येकाला तीस सामने. पहिले दोन संघ थेट वरच्या 'ऑलस्वेन्स्कान'मध्ये जातात. तिसऱ्याला वरच्या श्रेणीतल्या चौदाव्या संघाशी झुंजून जागा मिळवावी लागते. शेवटचे दोन थेट खाली जातात, तेरावा आणि चौदावा यांना टिकण्यासाठी लढावे लागते. थंडीमुळे हंगाम वसंतात सुरू होऊन नोव्हेंबरात संपतो. तिथे बर्फ, आपल्याकडे चिखल. खेळाची वेळ जमीनच ठरवते. आणि त्या नोव्हेंबरात बाराव्या-तेराव्या क्रमांकाच्या संघांमधला सामनाही गावाचा जीव टांगणीला लावतो. चषकाशी त्याचा काही संबंध नसतो, तरी लोक गोठवणाऱ्या वाऱ्यात उभे राहतात.

या रचनेतून काय निपजू शकते याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे म्येल्बी. बाल्टिक समुद्राच्या काठी हेल्लेविक नावाचे मासेमारीचे छोटे गाव आहे. तिथल्या मैदानावर गावाच्या लोकसंख्येच्या कित्येक पट माणसे मावतात. म्येल्बीचा संघ २०१४ मध्ये पहिल्या श्रेणीतून खाली आला, लगेच २०१५ मध्ये दुसरीतूनही घसरला, आणि २०१६ मध्ये तिसरीतूनही खाली जाता जाता थोडक्यात वाचला. पैशाचीही चणचण होती. पण संघ बंद पडला नाही. २०१८ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीत परतला, २०१९ मध्ये तिथे पहिला आला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने स्वीडनचे विजेतेपद मिळवले. मालमो, स्टॉकहोम, गोटेनबर्ग या शहरांच्या संघांना मागे टाकून. ही वाट मासेमारीच्या एका गावाला पूर्ण चालून जाता आली, कारण प्रत्येक पायरी दुसरीला जोडलेली होती. खेळाडू बदलले, प्रशिक्षक बदलले, वर चढला तो गावाचा संघ.

आपल्याकडे चढतो तो एकटा खेळाडू. २०१४ साली प्रो कबड्डी आली आणि मातीतल्या पोरांना मान आणि पैसा मिळाला, ही मोठी गोष्ट झाली. चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला २०१९ च्या लिलावात १ कोटी ४५ लाख रुपये मिळाले तेव्हा महाराष्ट्रातल्या किती आईबापांनी पोराच्या सरावाकडे नव्या नजरेने पाहिले असेल! मात्र ही लीग बंदिस्त आहे. बारा संघ आहेत, आणि ते कितीही हरले तरी बाराच राहतात. तेलुगू टायटन्स आठव्या, नवव्या आणि दहाव्या अशा सलग तीन हंगामांत तळाला राहिले. त्यांतल्या दहाव्या हंगामात त्यांच्याकडे २ कोटी ६० लाखांहून अधिक किमतीचा पवन सेहरावत होता. अकराव्या हंगामात लीगमधली त्यांची जागा जिथल्या तिथे होती. त्याच वेळी खारेपाटातला एखादा संघ वर्षभरात एकही सामना हरला नाही, असे समजा. त्याला जायला पुढे काही नाही. त्यातला उत्तम चढाईपटू जाईल. गाव त्याचे सामने दूरदर्शन संचावर पाहील, आणि कपाळाला माती लावून त्याच्यासोबत खेळलेले इतर सहाजण पुढच्या शनिवारी कोणत्या स्पर्धेला जायचे ते ठरवतील.

वडखळच्या शेजारीच या बंदिस्त रचनेचे एक ठळक उदाहरण आहे. डोलवीचा पोलाद कारखाना २०१० मध्ये इस्पातकडून जेएसडब्ल्यू समूहाकडे गेला आणि पुढे त्याची क्षमता वर्षाला एक कोटी टनांवर पोहोचली. याच समूहाची क्रीडा कंपनी प्रो कबड्डीतल्या हरियाणा स्टीलर्सची आणि फुटबॉलमधल्या बेंगळुरू एफसीची मालक आहे. २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यात बालेवाडीच्या संकुलात हरियाणा स्टीलर्सनी पाटणा पायरेट्सना ३२-२३ असे हरवून विजेतेपद मिळवले. यात कुणाचा दोष काढण्याचे कारण नाही. हरियाणात कबड्डी जोरात आहे, आणि बंदिस्त लीगमध्ये मालकाला शहर किंवा राज्य निवडावे लागते. मुद्दा वेगळा आहे. कारखान्याच्या धुराड्यांच्या नजरेच्या टप्प्यात जी गावे कबड्डी खेळतात, त्यांना या मालकाच्या संघाशी कधी सामना खेळण्याची तात्त्विक शक्यतासुद्धा नाही. स्वीडनमध्ये ती शक्यता चौथ्या-पाचव्या श्रेणीतल्या संघालाही असते. प्रत्यक्षात बहुतेक संघ कधीच वर पोहोचत नाहीत. पण शक्यता खरी असली की मंगळवारच्या सरावाला न आलेल्या पोराला बाकीचे जाब विचारतात.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. खाली जाण्याची भीती असेल तर पैसा लावणार कोण? भारतीय फुटबॉलने याचा अनुभव घेतला आहे. २००७ साली स्थापन झालेला मुंबई एफसी २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये शेवटचा आला, खाली गेला, आणि बंदच झाला. इंडियन सुपर लीगने (आयएसएल) पहिली दहा वर्षे कुणालाच खाली पाठवले नाही, ते याच भीतीपोटी. मात्र त्याच काळातल्या पुण्याकडे पाहा. पुणे एफसी आणि भारत एफसी २०१५ नंतर राहिले नाहीत. एफसी पुणे सिटी आयएसएलमध्ये होता, म्हणजे खाली जाण्याचा धोका त्याला नव्हताच. तरी २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादकडे गेली. दार बंद ठेवूनही संघ वाचला नाही. पुण्याच्या कितीशा माणसांना आपला संघ गेल्याचे दुःख झाले? फार थोड्यांना, कारण तो त्यांचा झालाच नव्हता.

आता स्टॉकहोमचा हामरबी पाहा. २००९ मध्ये तो पहिल्या श्रेणीतून पडला आणि पाच वर्षे दुसरीत अडकला. २०१४ च्या हंगामात, दुसऱ्या श्रेणीत असताना, त्याच्या घरच्या सामन्यांना सरासरी वीस हजारांहून जास्त लोक येत होते. त्याच्याही आधी, १९९९ मध्ये, मालमोसारखा बलाढ्य संघ घसरला होता. सुपरएत्तानच्या पहिल्याच हंगामात त्याच्याकडून एक उंच, उर्मट पोरगा खेळला, बारा गोल केले, संघ वर गेला, आणि पुढच्या वर्षी तो पोरगा आयाक्सला विकला गेला. त्याचे नाव झ्लातान इब्राहिमोविच. पडझडीच्या वर्षाने क्लबला मोडले नाही. त्या वर्षात तरुणांना जागा मिळाली.

मुंबई एफसी आणि हामरबी यांच्यात फरक मालकीचा आहे. स्वीडनमध्ये क्लब सभासदांचे असतात. कंपनी काढली तरी मतांचे बहुमत सभासदांच्या संघटनेकडे राहिले पाहिजे असा एक्कावन्न टक्क्यांचा नियम आहे. मालकाला तोटा झाला तर तो संघ विकतो किंवा बंद करतो. सभासद कुठे जाणार? वर्गणी भरतात, चिडतात, सभेत भांडतात, आणि पुढच्या हंगामाला येतात. हे आपल्याला परके नाही. कोल्हापूरचा फुटबॉल याच बळावर उभा आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ पेठांचे आहेत. एखादे वर्ष वाईट गेले म्हणून पेठ आपला संघ बंद करत नाही, आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना जी गर्दी होते ती कुठल्या कंपनीने जाहिरात करून आणलेली नसते. खारेपाटातले कबड्डी संघही असेच गावांचे आहेत. वर्गणी गावाची, मैदान गावाचे, जर्सी गावातल्या कुणाच्या तरी दुकानाने दिलेली. स्वीडनला नियमाने राखावी लागणारी गोष्ट इथे आपसूक आहे. नाही तो तक्ता, आणि वर जायचा रस्ता.

म्हणून जिल्ह्याने खऱ्या अर्थाची साखळी सुरू करावी असे मला वाटते. सुरुवात लहान असू द्या. एका तालुक्यातले बारा संघ वरच्या गटात, बारा खालच्या गटात; प्रत्येकाने उरलेल्या अकरांशी एकेक सामना खेळायचा, काही आपल्या गावात, काही दुसऱ्याच्या. दोन संघ वर, दोन खाली. मुलींची साखळी पहिल्याच वर्षी सोबत सुरू व्हावी. नंतर करू म्हटले की ती होत नाही. दिवाळीनंतर सुरुवात केली तर शिमग्यापर्यंत अकरा फेऱ्या सहज होतात. जत्रेच्या स्पर्धा आहेत तशा चालू राहू द्याव्यात. पहाटेपर्यंत चालणाऱ्या त्या अंतिम सामन्यांची मजा वेगळी आहे आणि ती कुणी हिरावू नये.

अडचणी खऱ्या आहेत. पंच आणि गुणलेखक हवेत, आणि त्यांना मानधन हवे. दोन गावांत जुने वैर असेल तर परक्या मैदानावर जाणे सोपे नसते. मारामारीची भीती दाखवून हा विषय मिटवलाही जाईल. पण वर्षातून एकदा, बाद फेरीत, सगळे पणाला लागलेले असताना भेटणाऱ्या गावांपेक्षा दरवर्षी ठरल्या तारखेला भेटणारी गावे अधिक शहाणपणाने वागतात असे मला वाटते. कारण पुढच्या वर्षी पाहुणे म्हणून त्यांच्याच गावात जायचे असते. तिसरी अडचण नोकरीची. खारेपाटातली पोरे कारखान्यांत कंत्राटावर पाळ्यांत कामाला जातात. रात्रपाळी असलेला कोपरारक्षक संघाला मिळत नाही. सामन्यांच्या तारखा आधी कळल्या तर पाळी बदलून घेता येते. आज स्पर्धेची पत्रिका आठ दिवस आधी येते.

पैशासाठी कुणाच्या चषकाची वाट पाहण्याची गरज नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाला जागा आहे. तालुक्याच्या साखळीचे पंच घडवणे, तरुण खेळाडूंचे शिबिर घेणे, सरावासाठी मॅट आणि गुडघ्याच्या दुखापतींवर उपचार देणे हे त्यात सामावते. संघ मात्र गावाचाच राहिला पाहिजे, आणि तक्ता संघटनेचा.

असा पहिला हंगाम झाला तर विजेता कोण होतो याकडे माझे लक्ष कमी असेल. मी दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोन गावांचा शेवटच्या फेरीतला सामना पाहायला जाईन. हरणाऱ्याला खालच्या गटात जावे लागेल. दोन्ही गावांतली पोरे त्या आठवड्यात सरावाला किती वाजता येतात, गावची वडीलधारी मंडळी मैदानावर येऊन काय सांगतात, आणि हरलेला संघ दुसऱ्या वर्षीची वर्गणी कधी गोळा करायला लागतो, हे मला पाहायचे आहे.